धोंडीबाची छत्री

सोयाबीनची सोंगणी, म्हणजे कापणी, सुरू झाली की आमच्या रिसोडला एक वास येतो. त्याला सुगंध म्हणता येत नाही आणि वाईट म्हणवत नाही. उन्हात तडकलेल्या शेंगा, मळणीयंत्राचं डिझेल आणि हवेत उडणारं भुशाचं कुटार यांचा मिळून तो झालेला असतो. मान खाजते, नाक गळतं, दोरीवर वाळवलेली चादर अंगावर घेतली की कुणीतरी बारीक चिमटे काढतंय असं वाटत राहतं. तरी मला हे दिवस आवडतात. ट्रॅक्टर गाणी लावून मार्केटकडे जातात, बांगडीवाल्याकडे गर्दी होते, आणि माणसं एकमेकांशी बोलताना तोंडाकडे न बघता आभाळाकडे बघतात. "काय वहिनी, बरं हाय ना?" असं विचारणाऱ्याची मान वर असते. मीही वर बघूनच "बरं हाय" म्हणते. दोघांपैकी कोणाचाही अपमान होत नाही.

आभाळ बघून झालं की बसस्टँडच्या आसपासची माणसं आणखी एकीकडे बघतात. समोरच्या बागेत एक सिमेंटचा बेडूक बसलेला आहे, माणसाएवढा, पोपटी रंगाचा, जेवायला बसल्यासारखी मांडी घातलेला. त्याच्या हातात छत्री आली का, ते बघतात. आली असेल तर निश्चिंतपणे सोंगणीला माणसं सांगतात. नसेल तर आमच्या दाराची कडी वाजते.

कारण तो बेडूक माझ्या नवऱ्याने केलेला आहे.

आमचे हे म्हणजे तायडे सर, चित्रकलेचे. सगळी नोकरी पोरांनी काढलेले सूर्योदय तपासण्यात गेली. दोन डोंगर, मधून सूर्य, खाली नदी, नदीकाठी झोपडी. पोराने उभ्या जन्मात डोंगर पाहिलेला नसो, कागदावर दोनच डोंगर येणार. हे लाल शाईने त्यावर बरोबरची खूण करायचे आणि घरी येऊन उदास बसायचे. निवृत्त झाल्यावर माणूस भजनाला लागतो नाहीतर राजकारणाला. हे माझ्या स्वयंपाकघराला लागले. डबे रंगवले, पाटावर मोर काढला, गॅसच्या टाकीवर वेल चढवली. टाकी बदलायला आलेला माणूस वेलीकडे बघत किती वेळ उभा राहिला, बिचाऱ्याला ती रिकामी टाकी न्यावीशी वाटेना.

म्हणून बागेच्या समितीचं बोलावणं आलं तेव्हा सगळ्यात जास्त आनंद मला झाला. समितीचे अध्यक्ष म्हणजे खत-बियाण्याच्या दुकानाचे मालक. गाव त्यांना शेठ म्हणतं. शेठचं म्हणणं, लेकरांसाठी बागेत काहीतरी गमतीचं पाहिजे. कोणी हरिण सुचवलं, कोणी तोंड उघडून कचरा मागणारा वाघ. हे म्हणाले, "हरनं सगळ्याच बागेत हायेत. आपन बेडूक करू. बेडूक आपला हाय." आणि खिशातून घडी घातलेला कागद काढला. म्हणजे घरी आधीच ठरलेलं होतं आणि मला पत्ता नव्हता.

वैशाखभर हे बागेतच होते. डोक्याला ओला रुमाल, हातात थापी. मी डबा घेऊन जायची तेव्हा बेडूक कधी नुसतं पोट असायचा, कधी पोट आणि एक पाय. याच सुमारास माझ्या मांडणीवरच्या दोन स्टीलच्या वाट्या हरवल्या. मोलकरणीवर संशय घ्यायला आमच्याकडे मोलकरीण नाही, त्यामुळे मी स्वतःवरच घेतला. पुढे बेडकाला डोळे बसले तेव्हा वाट्यांचा उलगडा झाला. आजही ऊन पडलं की ते डोळे लखलखतात, आणि मला वाटतं, आपल्या वाट्यांतलं वरण याने खाल्लंय म्हणून हा इतका खूश दिसतो.

एक हात गुडघ्यावर, दुसऱ्या हातात छत्री. पत्र्याची, लाल, तीवर पांढरे ठिपके. छत्रीचा दांडा म्हणजे किंचित वाकवलेला लोखंडी पाइप, त्यामुळे छत्री बागेच्या फाटकाकडे थोडी कललेली. येणाऱ्या लेकराला वाटावं, हा आपल्यालाच आत बोलावतोय. "ते कलनं म्हंजेच सगळं," हे सांगायचे, आणि मग एकदम शुद्ध भाषेत, "त्यात तोल आहे." आमचे हे भावनेला आले किंवा रागावले की शुद्ध बोलतात. एरवी मराठी शाळेच्या मास्तराला वऱ्हाडीच सोयीची.

मृगाच्या तोंडावर बेडकावरचा पडदा काढला. लेकरं त्याच्या मांडीवर चढली, तरण्या पोरांनी त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढले, आणि बसमधून उतरणारे परगावचे लोक चुकून एकदा हसून मगच रिक्षा शोधू लागले. पेरण्या झाल्या. हे संध्याकाळी बागेच्या कट्ट्यावर बसून आपल्या बेडकाला बघणाऱ्यांना बघत बसायचे. लग्न झाल्यापासून मी त्यांना इतकं सुखी पाहिलं नव्हतं, हे मी जरा नाराजीनेच नोंदवते.

मग पाऊस गेला.

असा जाणं नवीन नाही. पण सोयाबीन फुलावर आलं आणि आभाळ धुतलेल्या परातीसारखं स्वच्छ. पाऊस रुसला की आमच्याकडे धोंडी काढतात. मुसळाला बेडूक बांधायचा, कडुनिंबाचा पाला गुंडाळायचा, गाणं म्हणत दारोदार फिरायचं. बायका घरातून तांब्या आणतात आणि बेडकावर पाणी ओततात. बेडूक भिजला, ओरडला, की वरच्याला कळतं. पण त्या वर्षी इतकं कोरडं पडलं की मुसळाला बांधायला खरा बेडूकच सापडेना. नाल्यात नाही, विहिरीत नाही. तेव्हा रिठदहून बाजारात भाजी घेऊन येणाऱ्या पार्वताबाईंच्या डोक्यात आलं की एक बेडूक आहे, चांगला धष्टपुष्ट आहे, आणि पळूनही जात नाही.

पार्वताबाई म्हणजे वांग्याच्या ढिगामागे बसून अर्ध्या तालुक्याचा न्यायनिवाडा करणारी बाई. तिने बाजारातल्या बायका गोळा केल्या, बेडकाच्या गळ्यात कडुनिंबाची माळ घातली, धोंडीचा म्हणून त्याला धोंडीबा असं नावही दिलं, आणि भरलेली घागर घेऊन बाकड्यावर चढली. गाणं झालं. घागर उपडी झाली.

पाणी पडलं छत्रीवर. तिथून ते चारी बाजूंनी सरसर ओघळलं आणि गोल उभ्या राहिलेल्या बायकांच्या डोक्यावर आलं. बायका चिंब झाल्या. धोंडीबा मध्यभागी कोरडा ठणठणीत, वाट्यांचे डोळे वटारून हसत बसलेला.

बायकांनी पदर पिळले. मग पार्वताबाईने बाकड्यावरूनच निकाल दिला. "ह्याले पानी लागूनच नाई राह्यलं, माय. आता बेडूकच पावसाले भेऊन छत्री घेऊन बसला, त पाऊस येईन कायले?"

झालं. ते वाक्य दुपारच्या बसने केनवडला गेलं, जीपने रिठदला, आणि संध्याकाळपर्यंत आमच्या गल्लीत येऊन बसलं. मी घाबरून यांना म्हटलं, काहीतरी मार्ग काढा. यांनी बाजारात जाऊन तोडगा सुचवला, "छत्री राहू द्या. पानी बाजूनं मारा."

पार्वताबाई वांगी तोलत म्हणाली, "पाऊस बाजूनं येते का सर?"

हे परत आले.

दुसऱ्या दिवशी माझा धाकटा भाऊ ज्ञानेश्वर आला. माझं माहेर केनवडचं, रान तोच बघतो. नेहमी येताना पिशवीभर भाजी आणायचा. त्या दिवशी सोयाबीनचं एक उपटलेलं झाड आणलं आणि ओट्यावर ठेवलं. फुलं मरगळलेली होती.

"दाजी, छत्री काढा."

"अरे, छत्रीनं पाऊस थांबते का? शिकला-सवरलेला तू."

"मले मालूम हाय दाजी. पन घरी बाया आयकून नाई राह्यल्या, अन् मलेही आता कशाचा भरोसा नाई राह्यला. काढा न. तुमचं काय जाते?"

यांचं काय जातं हे यांना नीट सांगता आलं नाही. ते ताठ बसले आणि म्हणाले, "छत्री काढल्यास तो माझा बेडूक राहणार नाही. कोणाचाही बेडूक होईल." शुद्ध भाषा ऐकून मी समजले की आता गाडं अडलं.

ज्ञानेश्वर उठला. "मंग बाजाराच्या दिवशी आमी सारे येतो. घन घेऊन येतो. छत्री तोडता तोडता तुमचा बेडूक फुटला त मले म्हनू नोका." आणि चहा न पिता गेला. शेठकडे दाद मागायला गेलो तर शेठ म्हणाले, "सर, कलेचा मान हायच. पन गिऱ्हाईक माह्यं शेतकरी हाय."

बाजाराचा दिवस जवळ येत चालला. हे जेवेनात. ओसरीवर बसून तो घडीचा कागद उघडायचे, मिटायचे. मला दोन्हीकडून ओढल्यासारखं झालं होतं. ते रान माझ्या डोळ्यांपुढचं आहे, त्याच्या बांधावर मी वाढले. भाऊ कशासाठी हट्टाला पेटला ते मला कळत होतं. आणि इकडे हा माणूस. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लेकरांचे सूर्य तपासले, स्वतःचं म्हणून जगासमोर मांडलेलं काय, तर हा एक बेडूक. तो घणाने फुटला असता तर हे पुन्हा कशालाही रंग लावते ना. माझ्या डब्यांनाही नाही. मला त्यांची फार दया आली, आणि थोडा रागही, कारण दया आलेल्या बाईलाही भाकरी थापाव्याच लागतात.

नळाला पाणी आलं होतं, मी पाइप जोडत होते, तेव्हा सुचलं. "पाइपाले आटे पाडून घ्या न," मी म्हटलं. "नळाचा पाइप आपन फिरवून काढतो, फिरवून बसवतो. छत्री तशी करा. बेडूकही राहीन, छत्रीही राहीन."

"कलाकृती म्हणजे नळ नव्हे."

"आटे नसले त घन हाय."

त्यांनी तो कागद घडी घालून खिशात ठेवला. मग भाकरी मागितली.

बाजाराच्या आदल्या दिवशी वेल्डरने धोंडीबाच्या मुठीच्या वर पाइप कापला. हे शेजारी उभे राहून बेडकाच्या पाठीवरून हात फिरवत होते, दात काढायला बसलेल्या लेकराच्या पाठीवरून फिरवतात तसा. आटे पाडले, छत्री निघाली. आणि मग आमच्या लक्षात आलं की छत्री गेली तरी उचललेला हात तसाच आहे. बाग बसस्टँडसमोर. धोंडीबा आता एसटीला हात दाखवत होता. नवीन ड्रायव्हर गाडी हळू करायचे, कंडक्टर दारातून डोकावून बघायचा, आणि बेल मारताना शिवी द्यायची की हसायचं हे त्याचं ठरत नसे.

बाजाराच्या दिवशी माणसं आली, घणही आला. तो ट्रॉलीतच राहिला. पार्वताबाईने घागर ओतली, पाणी धोंडीबाच्या टाळूवरून नाकावर, नाकावरून पोटावर गेलं आणि बायका समाधान पावल्या. ज्ञानेश्वर तिथेच होता. यांनी त्याच्याकडे पाठ केली. त्याने सांगितलं असतं की घण नुसता धाकाला आणला होता, तर यांनी ऐकलंही असतं. तो बोलला नाही, हे वळले नाहीत. पोळ्याला दरवर्षी येणारा माझा भाऊ त्या पोळ्याला आला नाही. मी पुरण शिजवलं आणि आम्ही दोघांनी ते मुकाट्याने संपवलं.

पाऊस आला. यथावकाश आला, हवामानवाल्यांनी सांगितला तसाच आला, असं हे म्हणतात. गाव काय म्हणालं ते सांगायला नको. शेंगा भरल्या, दसरा जवळ आला, सोंगण्या सुरू झाल्या. आणि पाऊस जायचं नाव घेईना. दिवसाआड कोसळायचा. कापून टाकलेलं सोयाबीन रानात भिजायला लागलं.

एका सकाळी ज्ञानेश्वर दारात उभा राहिला. रुमालाची गाठ सोडून त्याने मला शेंगा दाखवल्या. शेंगेतच कोंब फुटले होते. "ताई, दाजीले सांग, छत्री लावा म्हनाव." दाजी तिथेच, हाताच्या अंतरावर बसले होते. पण निरोप माझ्यामार्फत.

मी म्हटलं, छत्री मागे अंगणात आहे, घेऊन जा. तो मागे गेला आणि तिथून त्याचा आवाज आला, "ताई, हे काय करून ठेवलं तुनं?"

आता झालं होतं असं की एवढी मोठी पत्र्याची छत्री घरात ठेवायची कुठे, म्हणून मी ती अंगणात उलटी ठेवली होती. उलटी ठेवली की छान पसरट टोपलं होतं. रिकामं कशाला ठेवा, म्हणून माती भरून त्यात सांबार पेरला होता, आम्ही कोथिंबिरीला सांबार म्हणतो. पावसाने तो असा तरारला होता की गल्लीत वाटून उरत होता.

"उल्टी ठेवली," ज्ञानेश्वर कपाळाला हात लावून म्हणाला. "उल्टी छत्री म्हंजे पानी झेलाले धरली न ताई. तू रोज मांगून राह्यली, अन् तो रोज देऊन राह्यला."

दुपारपर्यंत बाजारभर झालं. इतके दिवस तायडे सरांच्या नावाने चाललेली बोंब एकदम सरांच्या बायकोच्या नावाने सुरू झाली. पार्वताबाईने माझ्यापुढे वांगी ठेवता ठेवता विचारलं, "काहो वहिनी, सांबार केवढ्याले पडला?" आमच्या यांना मात्र कित्येक दिवसांनी हसू फुटलं. "आता तुह्यं नाव," ते म्हणाले आणि पोट धरून हसले. मी रागाने सगळा सांबार उपटला आणि त्याची वडी केली. हे दोनदा वाढून घेऊन हसत हसत खात होते. मला राग आलेला होता, पण बरंही वाटत होतं.

भर पावसात छत्री परत बसली. आठवडाभरात उघाड पडली. परतीचा पाऊस होता, जायचाच होता, असं यांनी मला सांगितलं, म्हणजे ज्ञानेश्वरला सांगायला. मी सांगितलं. त्याने मला सांगितलं, "दाजीले म्हन, जायचाच होता, पन छत्री पाहूनच गेला." भावाचं निम्म्याहून जास्त पीक हाती लागलं. पुढच्या पोळ्याला तो आला, जेवला, "ताई, दाजीले पोळी वाढ" असंही म्हणाला. पण तो घण दोघांच्या मध्ये पडलेलाच राहिला. इतकी वर्षं झाली, दोघं बोलतात ते माझ्या तोंडाने.

आणि छत्रीची रीत पडून गेली. मृगाला काढायची, सोंगणीला लावायची. मधल्या काळात ती आमच्या भिंतीवर खिळ्याला टांगलेली असते, सुलटी, आणि येणारा-जाणारा डोकावून ती सुलटी असल्याची खात्री करून जातो. हे अजूनही म्हणतात की ही शुद्ध अंधश्रद्धा आहे. म्हणतात आणि आट्यांना तेल देतात. एकच गोष्ट त्यांनी कधी मानली नाही. शेठ म्हणाले, छत्री जरा मार्केटकडे कलवा, माल उघड्यावर असतो. रिठदवाले म्हणाले, आमच्याकडे कलवा. सगळ्यांना एकच उत्तर, "छत्रीचं तोंड फाटकाकडेच राहील. तोल जाईल." खुद्द धोंडीबाने विनंती केली असती तरी त्याला हेच ऐकावं लागलं असतं.

या वर्षी सोंगणी लागली आणि आभाळ भरून आलं. यांचा गुडघा दुखतो, छत्री लावायचं आजचं उद्यावर चाललं होतं. काल ज्ञानेश्वरचा फोन आला. सोयाबीन कापून रानात पडलंय, मळणीयंत्राचा नंबर लागायचा आहे. "ताई, दाजीले सांग न वं." त्याचा आवाज मला आवडला नाही. फार हळू होता. मी यांना सांगितलं. हे म्हणाले, "मी हवामान खातं नाही," आणि कूस बदलली.

आज सकाळी मी उठले तर भिंतीवर नुसता खिळा. मी तशीच निघाले. चहावाल्यापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळं बसस्टँड कपातला चहा विसरून बागेकडे बघत होतं. धोंडीबाला शिडी लावलेली, शिडीवर आमचे हे, दुखरा गुडघा बेडकाच्या खांद्यावर टेकवलेला. छत्री बसवून झाली होती. आट्यांचा शेवटचा अर्धा फेरा त्यांनी दिलाच नव्हता, सैल ठेवून तारेने बांधत होते.

मी खाली उभी राहून बघितलं. लाल छत्री फाटकाकडे नव्हती. ती पार दुसरीकडे, केनवडच्या रस्त्याकडे कलली होती.

"छत्रीचं तोंड फाटकाकडं असते न?" मी म्हटलं.

"असते."

"मंग आज तिकडं काहून?"

त्यांनी तारेला पीळ दिला. "आज तोल तिकडे आहे," असं शुद्ध भाषेत म्हणाले आणि माझ्याकडे बघायचं टाळलं.

मी पदराखालून फोन काढला, ज्ञानेश्वरला लावला, आणि शिडीची दोन पावलं चढून यांच्या हातात दिला. पलीकडून "ताई, काय झालं?" ऐकू येत होतं. यांनी फोन कानाला लावला. लावून ठेवला. मला वाटलं, आता परत माझ्याकडे देतात.

"ज्ञानेश्वर," हे म्हणाले. "मी बोलून राह्यलो. मळून घे बावा निवांत. तुह्याकडं केली छत्री."

पलीकडे काय झालं मला ऐकू आलं नाही. यांनी डोळे मिटून घेतले होते आणि एका हाताने धोंडीबाची मूठ घट्ट धरली होती.

तेवढ्यात माझ्या नाकावर एक थेंब पडला. मी तो पदराने पुसला आणि कोणाला सांगितलं नाही.